उंबरठ्यावरचा मुक्काम

गेल्या जत्रेनंतर आमच्या देवस्थानाच्या सभामंडपात वर्षाच्या पालखीसेवांची यादी वाचली जात होती. वाचता वाचता एक नाव आले. त्या घराण्याचा थोरला मुलगा बरीच वर्षे अमेरिकेत आहे. त्याच वसंतात त्याने तेथील नागरिकत्वाची शपथ घेतली होती आणि ती बातमी गावात पोहोचली होती. नाव उच्चारताच एक ज्येष्ठ महाजन म्हणाले, ‘‘तो आतां आमचो उरूंक ना.’’ मग मराठीत पुढे म्हणाले, ‘‘ज्याने परक्या राज्याशी निष्ठा वाहिली त्याची सेवा देवाने का घ्यावी? नाव काढून टाका.’’ कोणी होकार दिला नाही, पण कोणी नकारही दिला नाही. यादी तशीच पुढे वाचली गेली, आणि ते नाव पेन्सिलीच्या एका बारीक रेघेखाली अनिर्णित राहिले.

मी त्या दिवशी गप्प बसलो, याची मला लाज वाटते. वकिलाने सभेत गप्प बसावे आणि घरी येऊन लेख लिहावा हे काही भूषण नव्हे. पण तो प्रश्न एका घराण्याचा नाही आणि एका देवस्थानाचाही नाही. ज्यांची मुले समुद्रापार स्थिरावली आहेत अशा शेकडो घरांत आज तोच प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर उघडपणे द्यावयास हवे. माझे उत्तर थोडक्यात असे: जो परदेशात कायमचा राहावयास गेला आहे, त्याने कायद्याने पात्र ठरताच नागरिकत्वासाठी अर्ज करावा, ज्याला परत यावयाचे आहे त्याने परत यावे, आणि यांपैकी काहीही न करता वर्षानुवर्षे उंबरठ्यावर बसून राहणे हे ना मायदेशाच्या हिताचे, ना परदेशाच्या, ना स्वतःच्या मुलाबाळांच्या. असे बसून राहणाऱ्याला आपण निष्ठावान म्हणतो आणि शपथ घेणाऱ्याला फितूर. माझ्या मते हे मोजमाप उलटे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या विषयावर बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. अमेरिकेचा आजचा कायदा मुळात १९५२ सालचा आहे. त्यानुसार ज्याला कायम रहिवासाचा परवाना, म्हणजे लोक ज्याला ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात तो, मिळाला आहे, त्याला तो मिळाल्यापासून पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मुदत भरण्यापूर्वी नव्वद दिवस अर्ज दाखल करण्याचीही मुभा आहे. जो अमेरिकन नागरिकाशी विवाहित असून तीन वर्षे त्याच्याबरोबर संसार करीत आहे, त्याला तीन वर्षे पुरतात. पाच वर्षांपैकी किमान निम्मा काळ, म्हणजे तीस महिने, अर्जदार प्रत्यक्ष त्या भूमीवर असला पाहिजे. वय अठरा पूर्ण हवे, वर्तन चांगले हवे, इंग्रजीचे साधारण ज्ञान हवे, आणि त्या देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था यांवरील प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. म्हाताऱ्यांसाठी सवलत आहे: वय पन्नास आणि परवान्यावरील वास्तव्य वीस वर्षे, किंवा वय पंचावन्न आणि वास्तव्य पंधरा वर्षे असल्यास इंग्रजीची अट नाही, इतिहासाची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. एखाद्या आजीबाईंना तेथे दुभाष्यामार्फत मराठीतून लिंकनविषयी उत्तर देता येते.

ही पाच वर्षांची मुदत आकाशातून पडलेली नाही. १७९० साली ती दोन वर्षे होती, १७९५ साली पाच झाली, १७९८ साली परकीयांच्या भीतीने ती चौदावर नेण्यात आली आणि १८०२ साली पुन्हा पाचवर आणण्यात आली. तेव्हापासून सव्वादोनशे वर्षे ती टिकून आहे. भीती वाढली की मुदत वाढते आणि भीती ओसरली की ती कमी होते. परंतु मुदत असावी, ती निश्चित असावी, आणि ती भरल्यावर माणसाला दारावर ठोठावण्याचा हक्क असावा, हे तत्त्व मात्र कायम राहिले आहे. अर्ज नाकारला तर वरच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी मागता येते. तेथेही नकार मिळाला तर न्यायालयात दाद मागता येते आणि न्यायालय सारे प्रकरण नव्याने तपासते. मुलाखत होऊन १२० दिवस लोटले तरी निर्णय झाला नाही, तरीही न्यायालयाचा दरवाजा उघडा असतो. मुदत भरलेल्या माणसाचा अर्ज अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही, ही त्या कायद्यातील खरी गोष्ट आहे.

आता या मुदतीचा आपल्या घरांशी संबंध कसा येतो ते पाहा. मुदत मोजली जाते ती परवाना हातात पडल्यापासून. त्यापूर्वी नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर घालवलेली वर्षे त्यात धरली जात नाहीत. नोकरीच्या आधारावर दिले जाणारे कायम परवाने वर्षाला साधारण १,४०,००० आहेत आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यांपैकी सातच टक्के मिळावेत अशी मर्यादा आहे. देश आइसलंडएवढा असो की हिंदुस्थानाएवढा, टक्के तितकेच. परिणामी आपल्या मुलांना दहा दहा, काही प्रकारांत त्याहूनही अधिक वर्षे रांगेत उभे राहावे लागते, आणि मगच पाच वर्षांचे घड्याळ चालू होते. म्हणजे आपला जो मुलगा आज शपथ घेतो तो काल तेथे उतरलेला नसतो. त्याचे तारुण्य तेथे गेलेले असते, त्याची मुले तेथे जन्मलेली असतात, त्याचे केस तेथे पिकू लागलेले असतात.

या घड्याळाला आणखी एक काटा आहे, आणि तो आपल्या आयांच्या काळजात रुततो. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास वास्तव्याची साखळी तुटली असे गृहीत धरले जाते. ते गृहीत खोटे ठरविण्याचा भार अर्जदारावर असतो. एक वर्ष वा त्याहून अधिक गैरहजेरी झाली तर साखळी तुटतेच, आणि परतल्यावर नव्याने चार वर्षे व एक दिवस मोजावा लागतो. बाप अंथरुणाला खिळलेला असताना पाच महिने पुरे होताच परतीचे तिकीट काढणारा मुलगा मी पाहिला आहे. गावाने त्याला कठोर म्हटले. तो कठोर नव्हता. तो दिवस मोजत होता, आणि ते का मोजत होता हे त्याने कोणाला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्याला कठोराऐवजी फितूर म्हटले गेले असते. त्याच मुलाला नागरिकत्व मिळाल्यावर मात्र असा दिवसांचा हिशेब राहिला नाही. आज तो आईजवळ आठ महिने राहू शकतो. ज्या शपथेने तो आपल्यापासून तुटला असे आपण म्हणतो, त्याच शपथेने तो आईकडे मोकळेपणी येऊ शकला.

आणखी एक गोष्ट पाहा. कायम रहिवाशाला आपल्या आईवडिलांसाठी तेथील वास्तव्याचा अर्ज करता येत नाही. नागरिकाला, त्याचे वय एकवीस पूर्ण असल्यास, तो करता येतो आणि त्यावर संख्येची मर्यादाही नाही. अठरा वर्षांखालचे जे अपत्य तेथे परवान्यावर आईबापांजवळ राहते, ते आईबापांपैकी एक नागरिक होताच आपोआप नागरिक होते. परंतु आईबाप निर्णय लांबवीत राहिले आणि मुलाने अठरावे वर्ष ओलांडले, तर तो दरवाजा बंद होतो. मग त्याने स्वतंत्र अर्ज करून स्वतःची वाट धरावयाची. म्हणजे बापाच्या भावनाशीलतेचा दंड मुलाने भरावयाचा. उंबरठ्यावर बसलेला माणूस स्वतः एकटाच बसलेला नसतो. त्याच्यामागे घरातली सारी माणसे अडकलेली असतात.

आणि तो बसलेला असताना त्याची अवस्था कशी असते? तो कर भरतो. त्याचा मुलगा अठराव्या वर्षी सैनिकी नोंदणीस बांधला जातो. पण त्याला त्या देशाच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही; कायद्यात सांगितलेल्या कित्येक अपराधांसाठी त्याला देशाबाहेर घालवता येते, नागरिकाला घालवता येत नाही. कर्तव्ये सारी आणि हक्क अर्धे, अशी ही स्थिती आहे. चार-पाच वर्षे ती कोणीही सोसावी, कारण नव्या घराची ओळख पटण्यास काळ लागतो. पण जो वीस आणि पंचवीस वर्षे मुद्दाम तीत राहतो, त्याच्या मनात नेमके काय असते? मी अशा कित्येकांना विचारले आहे. बहुतेकांचे उत्तर एकच असते: ‘‘लोक काय म्हणतील?’’ ते लोक म्हणजे आपण.

येथे इतिहासाची एक आठवण देणे अवश्य आहे, कारण जो हक्क आपण आज नाक मुरडून नाकारू पाहतो तो मिळविण्यासाठी आपल्याच माणसांनी प्राण वेचले आहेत. १७९० च्या त्या पहिल्या कायद्याने देशीयकरणाचा हक्क फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींना’ दिला होता. १८७० साली त्यात आफ्रिकन वंशीयांची भर पडली. हिंदी माणूस कोठेच बसत नव्हता. भगतसिंग थिंड हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितले तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली सांगितले की पंडित काहीही म्हणोत, सामान्य गोऱ्या माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदू हा गोरा नव्हे. या निकालानंतर सरकारने आधीच दिलेली नागरिकत्वे परत काढून घेण्यास सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतील वैष्णो दास बगई यांना १९२१ साली नागरिकत्व मिळाले होते, ते गेले. मायदेशी येऊन आप्तांना भेटण्यासाठी अमेरिकन पासपोर्ट मिळेना, आणि ज्या ब्रिटिश सत्तेला ते विटले होते तिचाच पासपोर्ट घ्या असे त्यांना सांगण्यात आले. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. कोणत्याच देशाचे न राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या मरणाने सांगितले.

त्याच वेळी एका वकिलाने मात्र लढाई जिंकली. सखाराम गणेश पंडित हे त्यांचे नाव. ते आपल्या कानाला किती ओळखीचे वाटते! थिंड यांचा खटला त्यांनीच चालविला होता. त्यांचे स्वतःचे नागरिकत्व १९१४ सालचे. ते रद्द करण्यास सरकार न्यायालयात गेले तेव्हा त्यांनी प्रतिपादन केले की एकदा न्यायालयाने रीतसर दिलेल्या निर्णयावर विसंबून ज्या माणसाने वकिली उभी केली, संसार केला, सारे आयुष्य रचले, त्याच्या पायाखालची जमीन राज्याने मागाहून काढून घेणे न्यायाला धरून नाही. १९२६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. हिंदी माणसांना देशीयकरणाचा हक्क कायद्याने मिळाला तो त्यानंतर, २ जुलै १९४६ रोजी. तोही वर्षाला शंभर माणसांच्या प्रवेशाच्या मर्यादेसह. आज पालखीच्या यादीवर पेन्सिलीची रेघ ओढणाऱ्याने एकदा बगईंचे आणि पंडितांचे स्मरण करावे, मग ठरवावे की तो हक्क घेणे हे पाप आहे की काय.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की शपथेत इतर सर्व राज्यांच्या निष्ठेचा त्याग आहे. मग मातृभूमीचे काय? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. होय, त्याग आहे. आणि आपलाही कायदा त्या त्यागाला तितक्याच स्पष्टपणे प्रतिसाद देतो: १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार जो स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व घेतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्याला मत देता येत नाही, शेतजमीन वा बागायत विकत घेता येत नाही, संसदेत वा विधानसभेत बसता येत नाही. परंतु राज्याची निष्ठा ही एक गोष्ट आणि मातीचे ऋण ही दुसरी. भारतीय राज्याने स्वतःच हा भेद मान्य केला आहे. २००५ पासून अशा माणसांना ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणून नोंदणी मिळू लागली, आणि तशी नोंदणी पाच वर्षे झालेल्या माणसाने येथे येऊन बारा महिने वास्तव्य केले तर त्याला पुन्हा भारतीय नागरिक म्हणून नोंदणी मागता येते. राज्य ज्याच्यासाठी परतीची वाट राखून ठेवते, त्याच्यासाठी आपण देवळाचे दार लावून घ्यावयाचे काय?

दुसरा आक्षेप धर्माचा. ‘परक्या राज्याशी निष्ठा वाहिलेल्याची सेवा देव कसा घेईल?’ येथे मी आमच्या ज्येष्ठ महाजनांना अत्यंत आदराने त्यांच्याच देवाची कथा आठवून देतो. मंगेश कुशस्थळीचा. शांतादुर्गा केळशीची. म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा आपल्या पूर्वजांनी रात्रीच्या काळोखात मूर्ती आणि लिंगे उचलून नदीपलीकडे नेली, कारण पलीकडे दुसऱ्याचे राज्य होते आणि तेथे पूजा चालू शकत होती. देव राज्य बदलून गेले. ते प्रियोळास, कवळ्यास, म्हार्दोळास राहिले. तेथील मातीत त्यांची तळी झाली, दीपमाळा उभ्या राहिल्या. आज साडेचारशे वर्षांनी मंगेशाला प्रियोळात कोणी उपरा म्हणत नाही, आणि कुशस्थळीला तो परका झाला असेही कोणी म्हणत नाही. जो देव स्वतः एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन राहिला, तो भक्ताच्या पासपोर्टाचा रंग पाहून सेवा नाकारील असे मानणे हा देवाचा अपमान आहे.

आणि महाजनकी? ती वंशाने येते, हे आपण अभिमानाने सांगतो. १९३३ च्या देवस्थान नियमावलीचाही तोच पाया आहे. मग जे जन्माने आले ते अमेरिकेतील एखाद्या सभागृहात हात वर केल्याने जाईल कसे? ‘जन्म हाच आधार’ म्हणणाऱ्याला ‘शपथेने जन्म पुसला’ असे म्हणता येत नाही. दोहोंपैकी एक युक्तिवाद त्याने सोडला पाहिजे.

तिसरा आक्षेप कोणी सभेत मांडत नाही, पण तोच बहुधा खरा असतो: बापजाद्यांची जमीन जाईल. वारसाहक्काने येणारी जमीन नागरिकत्व बदलल्याने जात नाही. नव्याने शेतजमीन विकत घेता येत नाही, इतकेच. अर्धवट ऐकलेल्या कायद्यावर विसंबून कित्येकांनी आयुष्याचे निर्णय लांबविले आहेत. त्यांनी निदान एखाद्या वकिलाला विचारावे. मी माझ्या व्यवसायाची जाहिरात करीत नाही.

उघडपणे शपथ घेणाऱ्याविषयी आपण इतके कठोर असतो, पण आपल्याच गोमंतकात दुसऱ्या एका प्रकाराकडे आपण कानाडोळा करतो. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने गोवा, दमण व दीव येथे २० डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेले सारे भारतीय नागरिक ठरले. ज्याला आधीचे राष्ट्रीयत्व ठेवावयाचे होते त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवावयाचे होते. मोन्सेन्योर मोंतेरो यांनी ते कळविले. त्यांच्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत १९६४ साली संपली, ते गेले नाहीत, खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निवड केली तिचे परिणामही स्वीकारले पाहिजेत. त्यांची निवड आपल्याला पटो वा न पटो, ती उघड होती आणि तिची किंमत त्यांनी चुकती केली. पोर्तुगालचा कायदा मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या संततीला आपले राष्ट्रीयत्व देतो, आणि त्यासाठी त्या देशात एक रात्रही राहावे लागत नाही. लिस्बनमधील दप्तरात जन्माची नोंद पुरते. तो मार्ग घ्यावा की नाही हा ज्याचा त्याचा विचार. परंतु तिकडचा पासपोर्ट खिशात ठेवून इकडच्या मतदारयादीतील नाव न काढणारे काही सज्जन आपल्या उत्सवांत पुढच्या रांगेत बसतात, आणि त्यांच्या नावाखाली कोणी पेन्सिल चालवीत नाही. अमेरिकेतला मुलगा पंधरा वर्षे रांगेत उभा राहतो, परीक्षा देतो, हात वर करून सांगतो की मी हे सोडतो आणि ते घेतो, आपला जुना पासपोर्ट परत करतो. तो फितूर, आणि दोन्ही खिशांत दोन देश बाळगणारा प्रतिष्ठित! आपला राग शपथेवर नसून शपथेच्या उघडेपणावर आहे, असाच याचा अर्थ होत नाही काय?

शेवटी आपल्या स्वतःच्या उंबरठ्याकडे पाहू. इतरांच्या दारात पाच वर्षांचा हक्क मागणाऱ्याने आपल्या दारात काय ठेवले आहे? आपल्या नागरिकत्व कायद्यात सामान्य परदेशीयासाठी कायम रहिवासाची अशी पायरीच नाही. तो व्हिसाची मुदत वाढवीत राहतो. देशीयकरणासाठी अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे येथे काढावी लागतात. भाषेची अट मात्र सुंदर आहे: आठव्या परिशिष्टातील एका भाषेचे पुरेसे ज्ञान. मराठी त्यात आरंभापासून आहे, कोकणी १९९२ पासून. म्हणजे आपल्या गावात राहून मराठी वा कोकणी बोलणाऱ्या परकीयाने भाषेपुरती अट पुरी केली. पण त्यानंतर चौदावे कलम येते: सरकार आपल्या विवेकाधिकाराने अर्ज मंजूर वा नामंजूर करू शकते आणि कारण देण्यास बांधलेले नाही. बारा वर्षे येथे काढलेल्या माणसाला ‘नाही’ इतकाच शब्द मिळू शकतो, ‘का’ हा मिळत नाही. आपल्या मुलाला अमेरिकेत असे उत्तर मिळाले असते तर आपण काय म्हटले असते?

२०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून आलेल्या हिंदूंसह सहा समाजांच्या लोकांसाठी ही अकरा वर्षांची अट पाचवर आणली; २०२४ च्या मार्च महिन्यात तिचे नियम झाले. छळ सोसून आलेल्या आपल्या धर्मबांधवांना लवकर आधार मिळाला याचा मला आनंद आहे. पण त्या दुरुस्तीने एक गोष्ट कबूल केली, ती आपण लक्षात घ्यावी: माणूस ओळखण्यास आणि त्याने मूळ धरण्यास पाच वर्षे पुरतात. जर ती एकाला पुरतात तर दुसऱ्याच्या बाबतीत काळाची गती मंद होते काय? मी देवळाची महाजनकी सर्वांना खुली करा असे म्हणत नाही; देवळाची व्यवस्था कुळांची आहे आणि ती कुळांनी ठरवावी. परंतु राज्य म्हणजे देवस्थान नव्हे. राज्यात कर भरणारा, कायदा पाळणारा आणि आपली भाषा बोलणारा माणूस किती वर्षांनी आपला होतो, याला निश्चित उत्तर हवे, नकाराला लेखी कारण हवे, आणि त्या कारणाविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट हवी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तोही एकदा कोठून तरी आला होता.

पुढील बैठकीत मी बोलणार आहे, आणि माझी मागणी दोन ओळींची आहे. त्या यादीतली पेन्सिलीची रेघ खोडावी आणि ते नाव शाईने लिहावे. आणि ज्यांच्या मुलांची पाच वर्षे पुरी होत आली आहेत त्या आईबापांनी आज रात्री फोनवर त्यांना सांगावे की अर्ज कर, घाबरू नकोस. तुझ्या वाट्याची पालखी आम्ही दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.